मुंबईत दोघांची संध्याकाळ कशी आखावी

मुंबईत नोकरी करणाऱ्या एखाद्या जोडप्याला, तुम्ही दोघे शेवटचे बाहेर केव्हा गेला होता, असे विचारले तर बहुतेकांना एखादे लग्न, बारसे किंवा कोणाला तरी भेटायला रुग्णालयात मारलेली फेरी आठवते. कोणाचेही काम नसताना, मुले आणि सासरमाहेरची माणसे बरोबर नसताना, दोघांनीच घालवलेली संध्याकाळ आठवायला वेळ लागतो. आमच्या घरीही पुष्कळ वर्षे असेच होते. मी आणि माझी पत्नी ठाण्याला राहतो, दोघांच्या कचेऱ्या फोर्टमध्ये आहेत आणि रोजचे तीन तास प्रवासात जातात. गेल्या काही वर्षांत आम्ही महिन्यातून एक संध्याकाळ दोघांसाठी राखून ठेवली. ती राखताना ज्या चुका झाल्या आणि जे हाती लागले, त्यावरून ही मांडणी केली आहे.

‘डेट’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे, पण त्याबरोबर मंद दिवे, महागडे हॉटेल आणि गुलाबाचे फूल असे एक ठरीव चित्रही आले आहे. हॉटेलात समोरासमोर बसले की दिवसभर थकलेली दोन माणसे दहा मिनिटांत मुलांच्या शाळेवर आणि घराच्या हप्त्यांवर येतात. चित्रपटगृहात तर तीन तास बोलताच येत नाही. माझे मत असे झाले आहे की, दोघांनी मिळून करण्याची एखादी गोष्ट, तीही डोळ्यांना आणि पायांना काम देणारी, बेताच्या मध्यभागी असावी आणि जेवण तिच्या कडेला असावे. मुंबईजवळ अशा गोष्टी भरपूर आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच फुकट आहेत.

आधी रेल्वेमार्ग, मग बेत

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी आम्ही एका शनिवारी पश्चिम उपनगरातल्या एका नावाजलेल्या हॉटेलात टेबल राखून ठेवले होते. ठाण्याहून टॅक्सी केली आणि सव्वादोन तासांनी पोहोचलो, तेव्हा टेबल दुसऱ्यांना देऊन झाले होते. परतताना आम्ही दोघे खिडकीबाहेर बघत बसलो आणि घरी येऊन पोहे केले. त्या दिवसापासून पहिला नियम ठरला: संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात रस्त्याने पूर्व-पश्चिम ओलांडायचे नाही. हे शहर उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि त्याच्या रेल्वेही तशाच धावतात, म्हणून बेत आपापल्या रेल्वेमार्गावरच आखावा. आडवे जायचेच असेल तर २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो वापरावी. २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोमुळे आरे, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, गिरगाव आणि हुतात्मा चौक ही ठिकाणे एका मार्गावर आली आहेत, तिचाही मोठा उपयोग होतो. मात्र मेट्रोची शेवटची गाडी लोकलच्या शेवटच्या गाडीपेक्षा पुष्कळ आधी सुटते, हे परतीच्या वेळी विसरू नये.

दुसरी गोष्ट गर्दीच्या दिशेची आहे. संध्याकाळी सहानंतर अर्धी मुंबई फोर्ट आणि चर्चगेटहून उत्तरेकडे निघते. ज्यांची कचेरी दक्षिण मुंबईत आहे त्यांनी त्या गर्दीत सापडण्याऐवजी तिथेच थांबावे. सात वाजल्यानंतर फोर्टचे रस्ते झपाट्याने रिकामे होतात, पदपथांवर दोघांना शेजारी-शेजारी चालता येते आणि साडेनऊनंतरच्या गाडीत बसायलाही मिळण्याची शक्यता असते. म्हणजे एरवी जो वेळ आपण दाराला लटकून घरी जाण्यात घालवतो, तोच वापरून बेत पार पडतो. यासाठी शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार ते गुरुवार हे दिवस उत्तम. सोमवारी शहरातली बरीच सांस्कृतिक ठिकाणे बंद असतात. वरळीचे नेहरू तारांगण, जुहूचे पृथ्वी थिएटर आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान यांची सुट्टी सोमवारीच असते, तर भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते.

भेटण्याची जागा मात्र नेमकी ठरवावी. ‘चर्चगेटला भेटू’ एवढ्यावर सोडले तर पहिली वीस मिनिटे फोनवर एकमेकांना शोधण्यात जातात आणि त्यातून उगाच चिडचिड होते. आमच्या आईवडिलांच्या पिढीचे ‘इंडिकेटरखाली भेटू’, म्हणजे स्थानकावरच्या गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकाखाली भेटू, हे बोलणे शहाणपणाचे होते. जागा एक, वेळ एक, आणि जो आधी येईल त्याने तिथून हलायचे नाही.

एका संध्याकाळी सूर्यास्त आणि चंद्रोदय

ज्यांना एकच बेत करून पाहायचा आहे त्यांना मी हाच सांगेन. दक्षिण मुंबई ही जमिनीची अरुंद पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला मरीन ड्राइव्ह आणि पूर्वेला बंदर असून, दोन्ही पाण्यांमध्ये चालत जाण्याइतकेच, सुमारे दोन किलोमीटरचे अंतर आहे. सूर्य पश्चिमेच्या पाण्यात बुडतो आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र पूर्वेच्या पाण्यावर उगवतो. मरीन ड्राइव्हवर चंद्रोदय पाहायला बसणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते, कारण तिथे चंद्र पाठीमागच्या इमारतींच्या आडून फार उशिरा वर येतो. सूर्यास्त एका किनाऱ्यावर पाहून चालत दुसऱ्या किनाऱ्यावर चंद्राला गाठणे मोठ्या शहरांपैकी फारच थोड्या ठिकाणी शक्य असेल.

दिवस निवडण्यासाठी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कालनिर्णय पुरेसे आहे. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या वेळीच उगवतो, त्यामुळे आपण पूर्व किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत तो बराच वर आलेला असतो. त्याऐवजी दुसरा दिवस, म्हणजे वद्य प्रतिपदा निवडावी. त्या दिवशी चंद्र सूर्यास्तानंतर पाऊण-एक तासाने उगवतो आणि एवढाच वेळ आपल्याला चालायला लागतो. ऋतू कार्तिक ते फाल्गुन हा असावा, कारण आकाश बहुधा निरभ्र असते आणि चालताना घाम येत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या पुढे. त्यानुसार कचेरीतून निघण्याची वेळ दोघांनी आधीच मोकळी करून घ्यावी लागते. या बेतात तेवढीच एक गोष्ट अवघड आहे.

सूर्यास्ताआधी वीस मिनिटे मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाकडे, नरिमन पॉइंटच्या बाजूला बसावे. तिथून अख्ख्या चौपाटीची कमान मलबार टेकडीपर्यंत दिसते आणि दिवे लागतानाची ओळ पाहता येते. सूर्य बुडाला की लगेच उठू नये. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत आकाशाचे रंग अधिक खुलतात. मग चर्चगेटच्या दिशेने निघून ओव्हल मैदानाकडे यावे. ओव्हलच्या दोन बाजूंना दोन वेगळी शतके समोरासमोर उभी आहेत. पूर्वेला उच्च न्यायालय आणि २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ सालचे, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतले. पश्चिमेला समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर गेल्या शतकाच्या तिसाव्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही समूहांना मिळून युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. आम्ही इथे एक छोटा खेळ खेळतो. आर्ट डेको इमारतींवर गोल खिडक्या, जहाजाच्या डेकसारखे वळणारे सज्जे, उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी आणि दारावरची खास वळणाची अक्षरे शोधायची असतात. शेवटी प्रत्येकाने एक इमारत निवडायची, तिथे राहायला मिळाले असते तर कोणत्या सज्जात सकाळचा चहा घेतला असता हे सांगायचे. पंधरा वर्षे बरोबर राहूनही जोडीदाराला सकाळी ऊन आवडते की सावली हे मला या खेळात कळले.

ओव्हलवरून दक्षिणेला जाऊन, १९३३ साली सुरू झालेल्या रीगल चित्रपटगृहाच्या चौकातून अपोलो बंदरावर यावे. गेटवेच्या आवारात सुरक्षा तपासणी असते आणि सुट्टीच्या दिवशी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. चंद्रासाठी त्या आवारात जाण्याची गरजही नाही, किनाऱ्याच्या कठड्यापाशी उभे राहिले तरी पुरते. डिसेंबर-जानेवारीत पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र साधारण ईशान्य-पूर्वेकडून, म्हणजे घारापुरीच्या दिशेने वर येतो. सुरुवातीला तो धुरकट आणि तांबूस असतो, नांगरलेल्या बोटींच्या दिव्यांत क्षणभर ओळखूही येत नाही आणि मग एकाएकी लक्षात येतो. ‘तो बघ’ असे आधी कोण म्हणतो, यावर आमच्यात पैज असते आणि हरणाऱ्याने जेवणाचे पैसे द्यायचे असतात.

पाऊल थकले असेल तर येताना सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचे कलाकेंद्र) या मार्गावरची बेस्टची दुमजली बस घ्यावी. जुन्या लाल डिझेलवरच्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी विजेवरच्या वातानुकूलित गाड्या आल्या. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची दोन आसने मिळाली तर रात्रीचे फोर्ट पाहण्यासाठी त्याहून स्वस्त आणि चांगली जागा नाही.

भरती-ओहोटीचा हिशेब

समुद्राकाठी जाणार असाल तर पाण्याची वेळ माहीत असलीच पाहिजे, कारण तिच्यावर बेताची शोभा आणि सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात. किनाऱ्यावरची जुनी माणसे यासाठी सोपा हिशेब करतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, मग तिथी शुद्ध असो वा वद्य. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती असते. तीच वेळ दुपारी-रात्री दोन्हीकडे धरायची, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, तरी बेत आखायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी असतो.

याचा अर्थ असा की, मावळत्या उन्हात कठड्याशी भरलेले पाणी पाहायचे असेल तर अष्टमी-नवमी गाठावी, आणि दादर किंवा जुहूच्या वाळूवर लांबवर चालायचे असेल तर पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ निवडावी, कारण तेव्हा सहा-सातच्या सुमारास ओहोटी असते. वांद्र्याच्या बँडस्टँडवर किंवा वरळीला खडकांवर जाऊन बसण्याचा मोह अनेकांना होतो. एकांताचा तुटवडा असलेल्या शहरात तो समजण्यासारखा आहे, पण पाणी चढू लागले की हे खडक मागून वेढले जातात आणि माणसे वाहून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बसायचे तर कठड्याच्या अलीकडे. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दरवर्षी जाहीर करते. त्या दिवशी लाटा पाहायला जायचे असेल तर रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून पाहाव्यात.

नाटक, पण नंतरच्या गप्पांसकट

मराठी माणसाला नाटकाला जा म्हणून सांगायची गरज नाही, पण जोडप्याची संध्याकाळ म्हणून नाटकाला कसे जावे याविषयी मला थोडे सांगायचे आहे. नाटक ही बेताची सुरुवात धरावी. रात्री साडेआठचा प्रयोग सुटल्यावर शेवटची गाडी गाठायच्या धांदलीत नाटकाबद्दल एक शब्दही बोलणे होत नाही आणि जे पाहिले ते दुसऱ्या दिवशीच्या डब्याच्या घाईत विरून जाते. म्हणून दुपारी चारच्या सुमाराचा प्रयोग घ्यावा. साडेसहा-सातला बाहेर पडले की पुढचे दोन तास बोलायला मोकळे असतात. दादरच्या शिवाजी मंदिरातून निघाल्यास शिवाजी पार्कचा कट्टा चालत गाठता येतो, आणि तिथे बसून अंधार पडेपर्यंत बोलत राहिले तरी कोणी उठवत नाही. पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार, मुलुंडचे कालिदास, ठाण्याचे गडकरी, वाशीचे विष्णुदास भावे यांपैकी जे आपल्या मार्गावर असेल ते निवडावे. चांगल्या प्रयोगासाठी दादरलाच गेले पाहिजे असे आता राहिलेले नाही.

एक सवय आम्हाला फार उपयोगी पडली. मध्यंतरात नाटकाविषयी बोलायचे नाही. बटाटावडा खायचा, आजूबाजूची माणसे पाहायची, पण मत द्यायचे नाही. नाटक संपल्यावर मात्र आधी एकाने पूर्ण बोलायचे आणि दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकायचे, मग उलट. त्या बोलण्यात नाटकातल्या माणसांच्या निमित्ताने आपल्या घरातले पुष्कळ काही बोलून होते, जे समोरासमोर बसून काढणे जमत नाही.

जुहूचे पृथ्वी थिएटर हा वेगळाच अनुभव आहे. १९७८ मध्ये सुरू झालेल्या या नाट्यगृहात सुमारे दोनशे प्रेक्षक बसतात, रंगमंच तीन बाजूंनी प्रेक्षकांनी वेढलेला असतो आणि नट हाताच्या अंतरावर असतात. आसनांना क्रमांक नसल्याने रांगेत आधी उभे राहावे लागते, आणि प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत. या नियमाला अपवाद नाही, म्हणून तासभर आधी पोहोचून तिथल्या कॅफेत सुलेमानी चहा घ्यावा. ज्या जोडप्यातील एकाला मराठी येत नाही, आणि मुंबईत अशी जोडपी पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी पृथ्वीचे हिंदी-इंग्रजी प्रयोग किंवा नरिमन पॉइंटच्या एनसीपीएतील संगीताचे कार्यक्रम ही सोयीची जागा आहे.

एकमेकांसाठी पुस्तक

हा बेत स्वस्त आहे आणि पावसाळा सोडला तर केव्हाही जमतो. हुतात्मा चौकाच्या परिसरात पदपथावर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. दोघांनी ठरावीक रक्कम, समजा दोनशे रुपये, ठरवून अर्ध्या तासासाठी वेगळे व्हायचे आणि एकमेकांसाठी पुस्तक निवडून आणायचे. स्वतःला आवडणारे पुस्तक आणले तर हरलो असे समजायचे. त्यानंतर एखाद्या इराण्याकडे बसून पुस्तके उघडायची आणि हेच का निवडले ते सांगायचे. धोबीतलावचे कयानी १९०४ सालापासून आहे. तिथला मावा केक आणि ब्रुन मस्का यांवर तासभर बसता येते. इराणी हॉटेले रात्री लवकर बंद होतात, त्यामुळे सहाच्या सुमारास पुस्तके आणि सातला चहा असा क्रम ठेवावा. मराठी पुस्तकेच हवी असतील तर दादरला छबिलदासच्या गल्लीतल्या आयडियलमध्ये जावे. तिथे पुस्तके चाळत उभे राहणाऱ्याला कोणी घाई करत नाही.

पहाट हीसुद्धा वेळ आहे

लहान मुले असलेल्यांना रात्री बाहेर पडणे जमत नाही. त्यांनी पहाट वापरावी. रविवारी पहाटे मुले झोपलेली असतात, आजी-आजोबा जागे असतात आणि साडेचार-पाचच्या लोकलमध्ये मोकळे आसन मिळते. दादर पश्चिमेला स्थानकाशेजारीच फुलबाजार आहे. पहाटे तिथे झेंडूच्या राशी, शेवंतीच्या जुड्या, मोगऱ्याच्या पाट्या आणि हमालांची धावपळ असते. चालताना हमालांना वाट द्यावी लागते, पायाखाली पाकळ्यांचा चिखल असतो, म्हणून जुन्या चपला घालाव्यात. फुले वजनावर आणि जुडीवर मिळतात. घासाघीस जोडीदारावर सोपवून बाजूला उभे राहून पाहण्यातही मजा आहे. माझी पत्नी कचेरीत मितभाषी म्हणून ओळखली जाते, पण निशिगंधाच्या दोन जुड्यांसाठी तिने केलेली घासाघीस ऐकून मी थक्क झालो होतो.

फुले घेऊन पुढे माटुंग्याला जावे. किंग्ज सर्कल आणि स्थानकाच्या परिसरात दाक्षिणात्य खाण्याची जुनी हॉटेले आहेत. राम आश्रय १९३९ चे आणि कॅफे मद्रास १९४० चे. रविवारी आठनंतर तिथे दाराबाहेर रांगा लागतात, पण साडेसहा-सातला गेले तर गरम इडली आणि फिल्टर कॉफी निवांत मिळते. आठ-साडेआठपर्यंत घरी परतता येते आणि मुले उठायच्या वेळी टेबलावर फुले असतात.

भायखळा, वर्सोवा, शिवडी

आणखी काही बेत थोडक्यात सांगतो. वर्सोव्याहून मढला खाडी ओलांडणारी फेरीबोट माणसांबरोबर दुचाकीही नेते आणि काही मिनिटांत पलीकडे सोडते. एवढ्या छोट्या जलप्रवासानेही शहर मागे पडल्यासारखे वाटते. परतीची शेवटची बोट केव्हा आहे हे मात्र जातानाच विचारून घ्यावे. माहीमच्या कोळीवाड्यात समुद्राला लागून महिला बचतगटांनी मासळीचे पदार्थ करून देण्याची सोय केली आहे, शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे तळलेली सुरमई आणि तांदळाची भाकरी खाताना समोर वांद्रे-वरळी सागरी सेतूचे दिवे दिसतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिवडीच्या दलदलीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. वरचा तिथीचा हिशेब करून भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर जावे, म्हणजे ते किनाऱ्याजवळ दिसतात, ऐन ओहोटीला ते फार लांब गेलेले असतात. दुर्बीण एकच न्यावी, आळीपाळीने पाहावे लागते. मलबार टेकडीच्या उतारावर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी, सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची लाकडी पायवाट २०२५ मध्ये खुली झाली आहे. तिचे तिकीट आधी काढून ठेवावे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत प्राण्यांसाठी सगळेच जातात, पण १८६२ पासूनच्या त्या बागेतली जुनी झाडे नावानिशी ओळखत फिरणे हा शांत जोडप्यांसाठी फार चांगला बेत आहे.

आणि ज्या घरी संकष्टीचा उपवास असतो त्यांनी चंद्रोदयापर्यंतचा वेळ गच्चीवर घालवून पाहावा. कालनिर्णयात त्या दिवसाची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. रात्री नऊच्या आसपास दोघांनी वर जायचे, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारी चटई टाकायची आणि चंद्र दिसला की डब्यातले मोदक तिथेच खायचे. यासाठी प्रवास नको, पैसे नकोत आणि शेवटच्या गाडीची चिंताही नको.

घरी सांगणे आणि एकांत मिळवणे

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना खरी अडचण घराच्या उंबरठ्यावर येते. पुष्कळ जोडपी ‘मीटिंग आहे’, ‘मित्राकडे जाऊन येतो’ अशी कारणे सांगून निघतात आणि मग अर्धी संध्याकाळ कोणी ओळखीचे भेटेल का या धास्तीत जाते. माझा अनुभव असा की, ‘आई, बुधवारी आम्ही दोघे बाहेर जाणार आहोत, साडेदहापर्यंत येतो, जेवण करून ठेवले आहे,’ असे आठवडाभर आधी सरळ सांगितले की विरोध होत नाही. पहिल्या वेळी थोडी शांतता पसरते, तिसऱ्या वेळी आईच कोणती साडी नेसणार ते विचारते. मुलांसाठी शेजारच्या कुटुंबाशी आळीपाळीचा करार करावा: या महिन्यात त्यांची मुले आमच्याकडे, पुढच्या महिन्यात आमची त्यांच्याकडे. आजी-आजोबांना गृहीत धरू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. त्यांनाही त्या दिवशी बरे नसू शकते, आणि त्यांनी नाही म्हटले तर दिवस बदलावा, तोंड पाडू नये.

लग्न न झालेल्या जोडप्यांपुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. घर लहान, हॉटेल महाग, बागेत पहारेकऱ्याची शिट्टी. कोणी तरी येऊन हटकेल ही भीती त्यांना सतत असते. त्यांनी निर्जन जागा शोधू नये. माणसांची सौम्य वर्दळ असलेल्या जागा, म्हणजे मरीन ड्राइव्हचा कठडा, शिवाजी पार्कचा कट्टा, वाचनालये, कलादालने, या अधिक निर्धास्त असतात, कारण तिथे इतकी माणसे असतात की कोणाचेच लक्ष नसते. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे आणि तिथल्या चित्रांसमोर अर्धा तास हळू आवाजात बोलत उभे राहणे सर्वांनाच स्वाभाविक वाटते. दोघे बरोबर बसणे हा गुन्हा नाही. कोणी पैसे मागितले किंवा धमकावले तर वाद न घालता उजेडाच्या आणि माणसांच्या जागी यावे आणि ११२ वर फोन करावा. महिलांसाठी मुंबई पोलिसांचा १०३ हा क्रमांकही आहे.

परतीचा विचार निघण्याआधी

परतीची गाडी जाण्याआधीच ठरवावी आणि शेवटच्या गाडीच्या निदान दोन गाड्या आधीची धरावी. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद ठेवणे, बहुधा रविवारी असतो, रात्रीचे ब्लॉकही असतात, त्यामुळे त्या दिवशीची सूचना सकाळी पाहून घ्यावी. रात्री साडेदहानंतर दोघांना एकाच डब्यात बसता यावे म्हणून साधारण डबाच घ्यावा लागतो. पासाचा वर्ग दोघांचा एकच असेल तर सोयीचे होते, नाहीतर वरच्या वर्गातल्याने खाली यावे. स्थानकावरून घरापर्यंत शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते हेही माहीत असावे. आमच्या भागात अकरानंतर मीटरनेच यावे लागते, म्हणून तेवढे पैसे वेगळे ठेवतो.

खर्चाविषयी एवढेच सांगतो की, वरच्या बहुतेक बेतांत दोघांचे जाणे-येणे आणि खाणे मिळून पाचशे ते हजार रुपयांत भागते. नाटकाच्या दिवशी तिकिटांमुळे तो आकडा वाढतो. फोन दोघांचेही एकाच पिशवीत ठेवावेत आणि घरून फोन आला तर ऐकू येईल एवढा एकाचाच आवाज चालू असावा. गाडीत बसल्यावर, ठाणे येईपर्यंत, पुढच्या महिन्याचा दिवस ठरवून टाकावा. आम्ही घरी पोहोचलो की चपला काढण्याआधी कालनिर्णयाचे पान उलटून त्या तारखेभोवती पेन्सिलने गोल करतो, कारण एकदा सकाळ झाली की तो दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला जातो.